भाऊबीजेनंतरचं तेरखेडा

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आपल्या फाट्यावर उभा होतो. येरमाळा-बार्शीमार्गे पुण्याला जाणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. हातात पिशव्या, पिशव्यांत ज्वारीचं पीठ, शेंगदाणे, फराळाचे डबे. आया पोरांना बसवून देत होत्या आणि गाडी हलली की पदर डोळ्याला लावून माघारी फिरत होत्या.

रस्त्याच्या पलीकडं एक ट्रॅक्टर उभा होता. ट्रॉलीत पत्र्याची पेटी, भांडी, सरपण, दोन शेळ्या, गोधड्यांचं गाठोडं आणि त्यावर लेकरं. ही मंडळी उसाला निघाली होती.

एकाच रस्त्यावर दोन गर्द्या. एक शिकलेली, कंपनीत हजेरी लावायला निघालेली. दुसरी उचल घेतलेली, कोयता घेऊन निघालेली. दोघांना विचारलं तर उत्तर एकच मिळतं, "इथं राहून काय करू, तात्या?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं तरी कुठं होतं? मी स्वतः बावीस वर्षं पिंपरी-चिंचवडला काढली आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये परत आलो. त्यामुळं "गाव सोडू नका" असं सांगायचा मला अधिकार नाही. पण परत आल्यापासून जुनं वाचतोय, म्हाताऱ्यांना विचारतोय, आणि एक गोष्ट डोक्यात पक्की बसली आहे. आपल्या भागातली माणसं जातात ती "दुष्काळी भाग आहे" म्हणून आपोआप जात नाहीत. कधी जायचं, कधी थांबायचं हे ठरवणारी कारणं असतात आणि त्यातली बरीच माणसानं केलेली असतात. ती समजून घ्यायला थोडा इतिहास सांगतो. पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा.

आधी आपल्या नदीपासून. तेरणा आपल्या तेरखेड्याच्या माळावर उगम पावते. उन्हाळ्यात बघाल तर नदी म्हणायला जीभ उचलत नाही. पण हीच नदी खाली तेरला जाते, आणि तेर म्हणजे जुनं तगर. दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक व्यापाऱ्यानं समुद्री व्यापाराची माहिती लिहून ठेवली, पेरिप्लस म्हणतात त्या पुस्तकाला. त्यात तगरचं नाव आहे. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर मोठं शहर, तिथून साधं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांत भरून थेट भडोचच्या बंदराला जाते, असं तो लिहितो. तेरच्या संग्रहालयात त्या काळातले मणी, मातीच्या मूर्ती, रोमन धाटणीच्या वस्तू आजही बघायला मिळतात. लामतुरे यांच्या नावाचं ते संग्रहालय. लेकरांना घेऊन एकदा जाऊन या.

हे अभिमानासाठी सांगत नाही. पाऊस तेव्हाही बालाघाटाच्या या अंगाला बेताचाच असणार. तरी माणसं इथं येत होती, कारण इथं तयार होणाऱ्या मालाला गिऱ्हाईक होतं आणि माल बाहेर न्यायला वाट होती. वाटा बदलल्या, व्यापार हलला, शहराचं गाव झालं. तेराव्या शतकात गोरोबाकाका तिथं मडकी घडवत होते तेव्हा तेर हे संतांचं गाव होतं, पेठ राहिली नव्हती. गाव मोठं होतं ते कामानं, आणि रिकामं होतं तेही काम गेल्यावर. पाणी महत्त्वाचं आहेच, पण नुसत्या पाण्यानं माणूस थांबत नाही.

मधला मोठा काळ पटकन सांगतो. आपण निजामाच्या राज्यात होतो. १७ सप्टेंबर १९४८ ला सुटलो, १९५६ ला मुंबई राज्यात आलो आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. मराठवाडा मागं पडू नये असं १९५३ च्या नागपूर करारात लिहिलेलं होतं. १९८४ ला दांडेकर समितीनं हिशेब मांडला तेव्हा रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, सगळीकडं मराठवाड्याचा अनुशेष निघाला. १९९४ ला वैधानिक विकास मंडळं आली. २०१३ ला केळकर समितीचा अहवाल आला. २०२० च्या एप्रिलमध्ये मंडळांची मुदतही संपली. अहवाल कपाटात गेले आणि माणसं पुण्याला गेली, एवढंच त्याबद्दल म्हणतो.

पण याच इतिहासात एक गोष्ट अशी आहे की जिनं खरोखर माणसं गावात थांबवली. तिच्याबद्दल जरा सविस्तर सांगायला पाहिजे, कारण आजच्या पोरांना ती माहीत नाही.

१९७२ चा दुष्काळ. आमच्या घरी अजून "बहात्तर साल" एवढंच म्हणतात, दुष्काळ शब्द लावायची गरज पडत नाही. विहिरी आटल्या, जनावरं मातीमोल विकली, परदेशातली लाल ज्वारी रेशनला आली. लेकरांना कामावर सुकडी मिळायची. माझी आई खडी फोडायला जात होती. हाताला फडकं बांधून हातोडी मारायची, तरी फोड यायचेच. पण तिचं एक वाक्य मला कायम आठवतं, "त्या साली खाल्लं कमी, पण गाव सोडलं नाही."

का सोडलं नाही? कारण काम गावाजवळ काढलं होतं. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी आपल्या तासगाव भागात आधी छोट्या प्रमाणात एक प्रयोग केला होता. मागेल त्याला काम द्यायचं आणि तेही जवळ द्यायचं. दुष्काळात तीच कल्पना राज्यभर पसरली. १९७३ च्या उन्हाळ्यात ५० लाखांच्या घरात माणसं दुष्काळी कामांवर होती. नाला बांध, पाझर तलाव, रस्ते. आपल्या भागातले कितीतरी पाझर तलाव आणि कच्चे रस्ते त्या हातांनी केलेले आहेत. १९७७ ला त्याचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पंधरा दिवसांत काम द्या, नाहीतर बेकारी भत्ता द्या. बाई आणि बाप्या, मजुरी सारखी. कामावर पाणी, सावली आणि लेकरांसाठी पाळणाघर. पुढं २००५ ला देशाचा रोजगार हमी कायदा झाला, त्याच्यामागं महाराष्ट्राचा हा अनुभव होता.

आता यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. याला पैसा कुठून आला? १९७५ ला राज्यानं व्यवसाय कर लावला. पगारदार माणसाच्या पगारातून आजही तो कापला जातो, महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाला २५००. पगाराच्या स्लिपवर "पी.टी." लिहिलेलं असतं ना, तोच. मी बावीस वर्षं तो भरला आणि कुरकुर केली. तो मुळात रोजगार हमीसाठी लावला होता हे मला गावाला आल्यावर कळलं. म्हणजे मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून थोडं कापायचं आणि मराठवाड्यातल्या बाईला तिच्या गावाच्या शिवारात काम द्यायचं. शहराच्या पैशावर गाव टिकवायचं हा विचार आपल्या राज्यानं पन्नास वर्षांपूर्वी केला होता.

मग बिघडलं कुठं? त्याच काळात दुसरी एक ओढ वाढत होती, उसाची. १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि पुढं पश्चिम महाराष्ट्र कारखान्यांनी भरला. उसाला पाणी तिकडचं आणि तोडायला हात बालाघाटाचे. बीड, नगरचा पूर्व भाग आणि आपला वाशी-भूम-कळंबचा पट्टा या कामाला बांधला गेला.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मुकादम पावसाळ्यातच उचल देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्या माणसाला उचल मिळत नाही, म्हणून पोराचं लग्न लवकर लावायचं, म्हणजे घरात अजून एक कोयता वाढतो. बालविवाह का थांबत नाहीत याचं निम्मं उत्तर इथं आहे. आजारी पडून एक दिवस काम चुकलं की खाडा, त्याचे पैसे कापून जातात. पहाटे चारला फडात, रात्री कोपीवर. वाढं विकून मीठ-मिरचीचा खर्च भागतो. सहा महिन्यांनी उचल फिटली तर फिटली, नाहीतर राहिलेली रक्कम पुढच्या साली अंगावर. २०१९ ला बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. पाळी आली तरी सुट्टी नाही, खाडा परवडत नाही, डॉक्टर म्हणतो पिशवीच काढून टाक. आपल्या शेजारच्या जिल्ह्याची ही गोष्ट आहे, लांबची नाही.

म्हणजे बघा. एका बाजूला रोजगार हमी, काम तुमच्या दारात येतं. दुसऱ्या बाजूला ऊस, तुम्ही संसार उचलून कामाच्या दारात जाता. मग लोक ऊस का निवडतात? लोक वेडे नाहीत. ऊस आगाऊ पैसे देतो. हमीची मजुरी काम करून, हजेरीपट भरून, खात्यावर कधी पडेल ते सांगता येत नाही. दवाखाना, लग्न, बियाणं यांना आजच पैसे लागतात. मुकादम रात्री बाराला पण पैसे देतो. सरकारला मुकादमाशी स्पर्धा करता आली नाही, एवढा साधा हिशेब आहे.

आता आपल्या गावाकडं येतो. कारण तेरखेड्याची गोष्ट थोडी वेगळी आहे.

आपल्याकडं फटाके आहेत. सोलापूर-बीड रस्त्यानं जाणारा माणूस तेरखेडा ओळखतो तो दोन्ही कडेच्या फटाक्यांच्या दुकानांवरून. सुतळी बॉम्ब, तोटे, झाडं, शोभेची दारू. लोक आपल्याला महाराष्ट्राची शिवकाशी म्हणतात. तमिळनाडूतली शिवकाशी सुद्धा कोरडवाहू, कमी पावसाचा भाग. १९२३ ला तिथले दोन नाडार भाऊबंद कलकत्त्याला जाऊन काडेपेटी बनवायचं शिकून आले आणि माघारी येऊन आपल्याच गावात धंदा काढला. पुढं फटाके आले, छापखाने आले. पाऊस कमी म्हणजे दारू वाळवायला बरं. ज्या हवेला सगळे नावं ठेवत होते त्याच हवेवर गाव उभं राहिलं. ते शिकायला बाहेर गेले, पण शिकलेलं घरी घेऊन आले. यातला हा भाग मला फार मोलाचा वाटतो.

आपल्याही गावात कितीतरी घरं उसाला गेली नाहीत ती या कामामुळं. बाई चार-पाच तास काम करून घरी येते, लेकरू शाळेतून आलं की त्याला भाकरी मिळते. हे साधं वाटतं, पण कोपीवर राहिलेल्या बाईला विचारा याची किंमत.

पण खरं बोलायचं तर दुसरी बाजूही बोलली पाहिजे. याच कामात स्फोट झाले आहेत, आपल्या गावाच्या आणि आजूबाजूच्या गावांच्या घरातली माणसं गेली आहेत. दिवाळीच्या तोंडावर माल काढायची घाई, उन्हाचा कडाका, एका खोलीत जास्त माणसं. चार दिवस हळहळ होते, मग पुन्हा तसंच. २३ ऑक्टोबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानं बेरियम वापरायला बंदी केली, हरित फटाकेच चालतील असं सांगितलं. मोठे कारखानदार यातून वाट काढतील. लहान कारागिराला नवं तंत्र कोण शिकवणार? गावात राहायला काम पाहिजे हे खरं, पण जीव मुठीत धरून राहणं म्हणजे राहणं नव्हे.

फटाक्यांशिवाय आणखी दोन गोष्टींनी आपल्या पट्ट्यात माणसं धरून ठेवली. एक खवा. भूम, कुंथलगिरी, वाशी, परांडा भागात दूध होतं, पण मोठं शहर लांब. दूध नासतं, खवा टिकतो. भट्टीवर आटवायचा आणि पुण्या-मुंबईला, हैदराबादला पाठवायचा. दुसरी गोष्ट आपली शेळी, उस्मानाबादी. जिल्ह्याचं नाव बदललं, शेळीचं तेच राहिलं! काटक, जुळी करडं देणारी, माळावरच्या पाल्यावर जगणारी. बाईच्या हातात हक्काचा पैसा येतो तो शेळीमुळं. खवा काय, शेळी काय, फटाका काय, तिन्ही गोष्टी बाहेरून कुणी आणून दिल्या नाहीत. लांबची बाजारपेठ, कोरडी हवा, बरड माळ, या आपल्या अडचणीच होत्या. त्यातूनच हे धंदे उभे राहिले.

आता आकड्यांचं. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ५७ हजार होती. दहा वर्षांत वाढ ११.५ टक्के, तेव्हा राज्याची वाढ १६ टक्के होती. कोकणात तर त्याच दहा वर्षांत रत्नागिरीची लोकसंख्या १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली, सिंधुदुर्गचीही घटली. हिरवागार भाग, पाऊस मुबलक, तरी घरांना कुलपं. म्हणून म्हणतो, नुसत्या पाण्यानं माणूस थांबत नाही. आणि आता जन्मही कमी आहेत. कुटुंब पाहणीत राज्याचा जननदर १.७ आला, लोकसंख्या टिकायला २.१ लागतो. आपल्या जिल्ह्यात २०११ ला सहा वर्षांखालच्या १००० मुलांमागं ८६७ मुली होत्या. त्यातली मोठी पोरं आता लग्नाच्या वयाला येतायत. २०२२ च्या डिसेंबरात सोलापुरात तरुणांनी नवरदेवाचा पोशाख करून कलेक्टर कचेरीवर मोर्चा काढला, आपण सगळे हसलो. हसण्यासारखं त्यात काय होतं? मुली पोटात मारल्या, राहिलेल्यांना गावात द्यायला बाप तयार नाही, आणि मुलींना स्वतःलाही यायचं नाही. त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही. २०२७ च्या जनगणनेत आपल्या गावांचे आकडे बघून धक्का बसला तर आश्चर्य वाटायला नको.

इथं एक गोष्ट स्पष्ट करतो. जाणाऱ्याला अडवायचं नाही. कितीतरी लोकांसाठी गाव सोडणं ही सुटका होती. ज्यांना इथं जमीन नव्हती, मान नव्हता, त्यांची लेकरं शहरात जाऊन ताठ मानेनं जगली. स्वतःच्या मनानं गेलेल्या माणसाबद्दल माझी तक्रार नाही. ज्याला राहायचं आहे आणि तरी जावं लागतं, त्याच्याबद्दल मी बोलतोय.

त्याच्यासाठी काय करता येईल? आभाळातल्या गोष्टी सांगत नाही.

पहिली, हंगामी वसतिगृह. आई-बाप उसाला गेले तरी लेकरू आजी-आजोबांकडं गावात राहतं, शाळेत जातं, दोन वेळचं जेवण मिळतं. योजना जुनी आहे आणि चांगली आहे. पण ती कधी सुरू होते हे बघा. परवा त्या ट्रॉलीजवळ एका बाईनं मला विचारलं, "तात्या, पोरीला म्हातारीजवळ ठिवू का? जेवण सुरू व्हईल का औंदा येळेवर?" पोरगी सहावीत. मी "होईल" म्हणू शकलो नाही, कारण मागं एका वर्षी मंजुरीचा कागद आला तेव्हा निम्मी लेकरं फडात पोचली होती. ती बाई दोन मिनिटं गप्प उभी राहिली आणि मग पोरीचा हात धरून तिला ट्रॉलीत चढवलं. माझ्या डोळ्यांसमोर. ऊस दरवर्षी त्याच महिन्यात तुटतो, मग कागद दरवर्षी उशिरा का? दसऱ्याच्या आत यादी आणि मंजुरी, ग्रामसभेनं एवढा एकच ठराव धरून लावला तरी दहा-वीस लेकरं वाचतील.

दुसरी, रोजगार हमीचं काम दसऱ्याच्या आधी काढायचं आणि मजुरी आठवड्यात द्यायची. कोयत्याशी स्पर्धा करायची तर कोयत्याच्या वेळापत्रकानं करावी लागेल. हिवरे बाजारला १९८९ ला पोपटराव पवार सरपंच झाले तेव्हा तिथलीही माणसं बाहेर जात होती. सरकारी योजनांतूनच पाणलोटाची कामं झाली, पण ग्रामसभेनं वर नियम घातले. शेतीला बोअर नाही, उसासारखं पाणी पिणारं पीक नाही. पाणी आलं, दूध वाढलं, गेलेली कुटुंबं परत आली. योजना सगळ्यांना सारख्याच होत्या, फरक गावानं पाळलेल्या नियमांत होता.

तिसरी, फटाक्यांसाठी सुरक्षित सामायिक जागा. लहान कारागिरांसाठी नियमाप्रमाणे अंतर ठेवून बांधलेल्या खोल्या, हरित फटाक्यांचं प्रशिक्षण आणि कामगारांचा विमा. हे कारखानदार, ग्रामपंचायत आणि सरकार मिळूनच होईल.

चौथी गोष्ट त्या व्यवसाय कराची. जपानमध्ये खेडी ओस पडायला लागली तेव्हा २००८ पासून त्यांनी एक सोय केली. शहरातला माणूस आपल्या आवडीच्या गावाला देणगी देतो आणि ती त्याच्या करातून वजा होते. फुरुसातो नोझेई, म्हणजे आपल्या गावचा कर. त्यात भानगडीही झाल्या, देणगीदाराला भेटवस्तू द्यायची गावांमध्ये चढाओढ लागली. पण मूळ कल्पना आपल्या पागे साहेबांच्या विचाराच्या किती जवळची आहे बघा. समजा पुण्यातल्या तेरखेडकराला फॉर्मवर गावाचं नाव लिहायची मुभा दिली आणि त्याच्या २५०० रुपयांतले निम्मे त्याच्या ग्रामपंचायतीला मिळाले. ५०० माणसं धरली तरी वर्षाला सव्वासहा लाख होतात. एवढ्यात गावच्या सगळ्या ऊसतोड लेकरांचं सहा महिन्यांचं जेवण निघेल, कागदाची वाट न बघता. हिशेब चावडीवर लावायचा, म्हणजे भरणाऱ्यालाही कळेल. आपल्या आमदारांनी विधानसभेत हा प्रश्न एकदा मांडावा, एवढी विनंती.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर मी माझ्यापुरतं ठरवलं आहे, दरवर्षी २५०० रुपये त्या जेवणासाठी शाळा समितीकडं द्यायचे. बाहेर असलेल्यांनी विचार करावा. तुम्ही परत या म्हणत नाही. माझाही मुलगा पुण्यातच आहे.

ती सहावीतली पोरगी ट्रॉलीत गोधड्यांवर बसली होती, मांडीवर दप्तर होतं. फडात शाळा नाही हे तिला माहीत होतं, तरी दप्तर घेतलं होतं. ट्रॅक्टर सुरू झाला आणि मी घरी आलो. तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात होतं.

पुढच्या दसऱ्याला अजून दहा-अकरा महिने आहेत. येत्या ग्रामसभेत हंगामी वसतिगृहाच्या यादीचा विषय मी मांडणार आहे. गावात असाल तर या.